‘कार्लाइल इंडियन्स’ म्हणजे भारतीय संघ नव्हे : क्रीडा-संपादक आणि अनुवादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांच्या क्रीडा पानांचे संपादक व उपसंपादक, आणि क्रीडाकोशांसाठी नोंदी लिहिणारे अनुवादक यांस

सप्रेम नमस्कार.

ऑलिंपिक जवळ आले की अमेरिकी खेळाडू जिम थॉर्पची आठवण निघते. स्टॉकहोमची १९१२ ची दोन सुवर्णपदके, ती काढून घेणे, पुढे परत देणे, हे सगळे येते. मग एखाद्या परिच्छेदात त्याच वर्षीचा, ‘कार्लाइल इंडियन्स’ या संघाकडून खेळलेला त्याचा फुटबॉल हंगाम उरकलेला असतो आणि नेमका तोच परिच्छेद बिघडतो. बिघडण्याचे कारण अज्ञान नव्हे, सवय आहे. फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कूपरेजचे मैदान येते, आणि अमेरिकन फुटबॉल म्हटले की आजचा टीव्हीवरचा खेळ. १९१२ चा कॉलेज फुटबॉल या दोन्हींपैकी एकही नव्हता. त्या वर्षीचे आकडे त्या वर्षीच्या नियमांनी वाचायचे असतात, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी नावाचे बघू. ‘कार्लाइल इंडियन्स’चे भाषांतर ‘कार्लाइलचे भारतीय’ असे करू नये, हे सांगावे लागू नये. पण यंत्राकडून भाषांतर करून घेण्याच्या दिवसांत सांगितलेले बरे. ‘रेड इंडियन’ हाही उपाय नाही. तो शब्द आपल्याकडे लहानपणापासून रुळलेला असला तरी ज्यांना तो लावतात त्यांना तो नकोसा आहे. शक्य तिथे जमातीचे नाव द्या. थॉर्प सॅक अँड फॉक्स, क्वार्टरबॅक (खेळी ठरवून चेंडू पुढे सोपवणारा) गस वेल्च ओजिब्वे, आणि स्टॉकहोमला १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवणारा लुई टेवानिमा होपी. एकत्र उल्लेख करायचा तर ‘मूलनिवासी’ पुरते.

दुसरे, कार्लाइल हे कॉलेज नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या जुन्या लष्करी बराकींत रिचर्ड हेन्री प्रॅट या अधिकाऱ्याने १८७९ मध्ये सुरू केलेली ती केंद्र सरकारची निवासी शाळा. मुलांना राखीव प्रदेशांतून आणायचे, केस कापायचे, त्यांची भाषा बोलू द्यायची नाही, अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, शेती. तिथे मरण पावलेल्या मुलांची सुमारे १८० थडगी त्या आवारात होती. २०१७ पासून काहींचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत जात आहेत. शाळा १९१८ मध्ये बंद झाली. तिचा संघ हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, आर्मी (वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी) अशा संस्थांशी खेळे म्हणून तो ‘कॉलेज फुटबॉल’च्या नोंदीत येतो. ‘कार्लाइल विद्यापीठाचा संघ’ असे लिहिले की हा सगळा इतिहास एका शब्दात पुसला जातो, म्हणून ही चूक आम्हाला गुणांच्या चुकीपेक्षा मोठी वाटते.

आता खेळाचे शब्द. इथला सर्वांत मोठा सापळा हाफबॅक हा आहे. जुन्या मराठी फुटबॉल वार्तांकनात हाफबॅक म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, फुलबॅक म्हणजे बचावपटू. थॉर्प हाफबॅक होता हे वाचून हात आपोआप ‘मध्यरक्षक’ लिहितो. अमेरिकन खेळात हाफबॅक आणि फुलबॅक हे चेंडू घेऊन धावणारे, म्हणजे चढाईचे मोहरे. तेच अकरा जण बचावालाही उभे राहत, कारण चढाईचा संघ वेगळा आणि बचावाचा वेगळा ही सोय तेव्हा नव्हती. टॅकल ही कृती आहे आणि जागाही. एंड ही फक्त जागा आहे. ‘डाऊन’ला ‘डाव’ म्हणण्याचा मोह होतो, उच्चारही जवळचा आहे, पण खो-खो वाचणाऱ्याला डाव म्हणजे काही मिनिटांची खेळी वाटते. डाऊन म्हणजे एक प्रयत्न : चेंडू मागे दिला जातो, खेळ सुरू होतो, चेंडूवाला पाडला जातो, खेळ थांबतो. तेव्हा ‘डाऊन’ तसाच ठेवा.

आणि ‘गोल’. १९१२ च्या सामन्याच्या बातमीत गोल दोन तऱ्हेचे असत. एक, टचडाऊननंतर (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेल्यावर) मारलेल्या किकचा, एका गुणाचा. दुसरा, चालू खेळात खांबांमधून चेंडू उडवून मिळवलेला फील्ड गोल, तीन गुणांचा. दोन्हींना नुसते ‘गोल’ म्हटले तर हिशेब कधीच जुळणार नाही.

हिशेबाकडे वळू. टचडाऊनची किंमत १८९८ पासून १९११ पर्यंत ५ गुण होती; १९१२ मध्ये ती ६ झाली. फील्ड गोल आधी ५, १९०४ पासून ४, १९०९ पासून ३. टचडाऊननंतरची किक १, सेफ्टी (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडणे) २. हे कोष्टक टेबलाच्या काचेखाली ठेवले तर निम्म्या चुका तिथेच थांबतात. उदाहरण म्हणून ११ नोव्हेंबर १९११ चा सामना घ्या. कार्लाइलने हार्वर्डला १८–१५ असे हरवले. थॉर्पचे चार फील्ड गोल म्हणजे १२, एक टचडाऊन ५, त्यावरची किक १. झाले १८. आजच्या नियमाने बेरीज करणारा १९ वर येतो आणि मूळ आकडाच चुकला असे समजून ‘दुरुस्त’ करतो. अशी दुरुस्ती करू नका.

उलट दिशेचीही चूक होते. अंतिम आकड्यावरून टचडाऊन मोजू नयेत. १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कार्लाइलला ३४–२६ असे हरवले. ३४ हा आकडा पाच टचडाऊन आणि चार किकने होतो. चार टचडाऊन, चार किक आणि दोन फील्ड गोलनेही होतो. २६ चीही तीच गत. त्या दिवशीचा तपशील हाती नसेल तर ‘पाच टचडाऊन केले’ असे लिहू नका, नुसता गुणफलक द्या.

टचडाऊननंतरची किक तेव्हा सोपी नव्हती, हेही लक्षात असू द्यावे. आज चेंडू खांबांच्या समोर ठेवून देतात. तेव्हा टचडाऊन गोलरेषेवर ज्या ठिकाणी झाला असेल त्याच्या सरळ रेषेत चेंडू मैदानात मागे आणायचा आणि तिथून मारायचा. कोपऱ्यात टचडाऊन झाला तर कोन फार तिरका. म्हणून धावणारा गोलरेषा ओलांडल्यावरही खांबांकडे सरकायला बघे. दुसरा मार्ग पंट-आऊटचा : गोलरेषेवरून आपल्याच सहकाऱ्याकडे चेंडू उडवायचा, त्याने तो बिनविरोध झेलला तर तिथून किक; झेल सुटला तर किकही गेली. गोलचे खांब नेमके गोलरेषेवर असत. ते मागे नेले १९२७ मध्ये. त्या काळच्या गुणफलकांत सहा-सहाचे आकडे सुटे पडलेले दिसतात, त्यामागे हुकलेली किक असते. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंटला कार्लाइलने आर्मीला २७–६ असे हरवले. आर्मीचे ६ म्हणजे एक टचडाऊन, किक वाया. कार्लाइलचे २७ म्हणजे चार टचडाऊन आणि तीन किक. तोच खेळ वर्षभर आधी झाला असता तर फलकावर २३–५ दिसले असते.

हा सामना मराठीत येतो तो बहुधा ड्वाइट आयझेनहॉवरमुळे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला हा कॅडेट त्या दिवशी आर्मीकडून खेळला. त्याच्या गुडघ्याला थॉर्पने इजा केली असे रंगवून सांगितले जाते. गुडघा गेला तो पुढच्या आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध. थॉर्पची ९२ यार्डांची धाव रद्द झाली आणि लगेच त्याने ९७ यार्डांची काढली, ही गोष्टही याच सामन्याला चिकटलेली आहे. ती छापण्याआधी त्या सामन्याच्या टचडाऊनच्या यादीत थॉर्पचे नाव किती वेळा येते ते पाहा. सामना मोठा आहेच. त्याला चढवलेल्या दागिन्यांची गरज नाही. प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नरने तिथे डबल-विंग रचना वापरली, दोन्ही हाफबॅक फळीच्या टोकांजवळ बाहेर उभे केले, आणि वजनाने भारी संघाला आपला धावणारा कोणत्या बाजूने येणार हे कळेना. एका वाक्यात सांगण्यासारखी खरी गोष्ट ही आहे.

१९१२ चे वर्ष नियमांच्या दृष्टीने उंबरठ्याचे होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १९०५ च्या हंगामात, त्या वेळच्या वृत्तपत्री मोजणीप्रमाणे, खेळताना १८ जण दगावले. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. डिसेंबरात न्यूयॉर्कला ६२ संस्था जमल्या आणि जी संघटना उभी राहिली तिचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे, नाव १९१० मध्ये एनसीएए झाले. १९०६ पासून पुढे चेंडू फेकणे, म्हणजे फॉरवर्ड पास, कायदेशीर झाले, सामना ७० वरून ६० मिनिटांवर आला, समोरासमोर उभ्या दोन संघांच्या फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी आली आणि तीन डाऊनमध्ये ५ ऐवजी १० यार्ड जायचे, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, असे ठरले. पास कायदेशीर झाला, पण साखळदंडासकट. चेंडू जिथून खेळात आला तिथून डावी-उजवीकडे किमान ५ यार्ड सरकूनच फेकायचा. कोणालाही न लागता जमिनीवर पडला तर चेंडू प्रतिस्पर्ध्याचा. सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने ५ सप्टेंबर १९०६ रोजी कॅरोल कॉलेजविरुद्ध फेकलेला पहिला कायदेशीर पास असाच पडला आणि चेंडू गेला. त्याच सामन्यातला पुढचा मात्र टचडाऊन देऊन गेला. तेव्हा १ नोव्हेंबर १९१३ च्या नोटर डेम–आर्मी सामन्यात (३५–१३) ‘पासचा शोध लागला’ असे लिहू नये. तो सात वर्षे जुना होता. कार्लाइलने १९०७ मध्येच पेनसिल्व्हेनियाला २६–६ हरवताना तो चांगला वापरला होता.

त्या ५ यार्डांच्या नियमामुळे पंचांना आडव्या रेषा पुरेनात, उभ्याही आखाव्या लागल्या. परिणामी १९०६ ते १९०९ च्या छायाचित्रांत मैदान बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटीचे दिसते. छायाचित्र निवडणाऱ्यांसाठी ही पक्की खूण : चौकटीचे मैदान असेल तर ते १९१२ चे नव्हे. डोक्यावर चामड्याची टोपी नाही म्हणून छायाचित्र त्याहून जुने ठरत नाही. ती घालणे १९३९ पर्यंत ऐच्छिक होते. पाठीवरचे क्रमांकही तेव्हा सर्रास नव्हते, म्हणून घोळक्यातल्या एखाद्यावर बाण काढून ‘हा थॉर्प’ असे छापताना हात आखडता घ्यावा.

१९१० मध्ये सामन्याचे १५ मिनिटांचे चार भाग झाले, फळीवर सात जण सक्तीचे झाले आणि चेंडूवाल्याला मागून ढकलणे, पुढून ओढणे बंद झाले. या शेवटच्या बंदीचा अर्थ मोठा आहे. तोवर पाच-सहा धटिंगणांनी आपल्या माणसाला पोत्यासारखे ढकलत नेणे हा राजमार्ग होता. ते थांबल्यावर किंमत आली ती चपळाईला आणि फसव्या हालचालींना. कार्लाइलचे खेळाडू मोठ्या विद्यापीठांच्या तुलनेत हलके होते, त्यामुळे हा बदल त्यांच्या पथ्यावर पडला.

मग १९१२. मैदान ११० यार्डांवरून १०० वर आले, दोन्ही टोकांना गोलरेषेमागे १० यार्डांचे पट्टे, म्हणजे एंड झोन, आले, तिथे झेललेला पास टचडाऊन ठरू लागला, पासच्या लांबीवरची २० यार्डांची मर्यादा गेली, टचडाऊनला ६ गुण आणि १० यार्डांसाठी चार डाऊन मिळू लागले. त्रैराशिक मांडा. तीन डाऊनमध्ये १० यार्ड म्हणजे दर डाऊनला ३.३३ यार्ड; चारमध्ये अडीच. अडीच यार्ड हे चांगल्या धावणाऱ्या संघाला जवळजवळ हमखास जमणारे अंतर. त्याआधी पहिल्या किंवा दुसऱ्या डाऊनलाच चेंडू दूर लाथाडून, म्हणजे पंट करून, प्रतिस्पर्ध्याला त्याच्या टोकाला कोंडणे शहाणपणाचे होते, कारण अडकलो तर चेंडू आपल्याच गोलसमोर त्यांच्या हाती जाई. चौथा डाऊन आल्यावर चेंडू हातात धरून चालत राहणे परवडू लागले.

म्हणूनच कार्लाइलचे १९११ आणि १९१२ चे एकूण गुण शेजारी ठेवून ‘संघ दीडपट सुधारला’ असे म्हणता येत नाही. १९११ मध्ये १२ सामन्यांत २९८ गुण केले, ४९ दिले; म्हणजे सामन्यामागे सुमारे २५. १९१२ मध्ये १४ सामन्यांत ५०४ केले, ११४ दिले, सामन्यामागे ३६. यातला काही भाग चौथ्या डाऊनचा, काही सहाव्या गुणाचा. आणि ५०४ पैकी १९४ पहिल्याच चार सामन्यांतले : अल्ब्राइट ५०–७, लेबनन व्हॅली ४५–०, डिकिन्सन ३४–०, व्हिलानोव्हा ६५–०. हे सरावाचे सामने समजावेत. हंगामाचे वजन पुढे आहे.

तारखा पाहिल्या तर दमछाक दिसते. २१, २५, २८ सप्टेंबर, २ आणि ५ ऑक्टोबर : पंधरा दिवसांत पाच सामने. त्यातला पाचवा वॉशिंग्टन अँड जेफरसनविरुद्ध ०–०. मग सिरॅक्यूजला ३३–० (मागल्या वर्षी याच संघाने त्यांना १२–११ असा एकमेव पराभव दिला होता), पिट्सबर्गला ४५–८. २६ ऑक्टोबरला जॉर्जटाऊनविरुद्ध ३४–२०, एक दिवस सोडून २८ ला टोरोंटोविरुद्ध ४९–१, २ नोव्हेंबरला लीहाय ३४–१४, आणि त्यानंतरच्या शनिवारी आर्मी. १६ नोव्हेंबरला पेनसिल्व्हेनियापुढे हार, २३ ला स्प्रिंगफील्ड कसेबसे ३०–२४, आणि २८ ला थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राउन ३२–०. सगळे मोठे सामने बाहेरगावी, कारण प्रेक्षकांचा पैसा मोठ्या शहरांत होता आणि त्या पैशावर शाळेचा क्रीडानिधी चाले. या निधीच्या कारभाराची पुढे १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. सीमारेषेवरून सूचना देण्यास प्रशिक्षकाला मनाई होती आणि खेळी मैदानावर क्वार्टरबॅक ठरवी, हे लक्षात ठेवले तर ‘वॉर्नरने बाहेरून इशारा केला’ अशी सिनेमाछाप वाक्ये आपोआप गळतील. तरुण वेल्च थकलेल्या संघाला घेऊन तिसऱ्या गावी काय निवडतो, हा त्या हंगामातला खरा रस आहे.

टोरोंटोच्या त्या १ वर अडखळायला होते. अमेरिकन नियमांत नुसता एक गुण मिळण्याची वाटच नव्हती. किकचा गुण टचडाऊनच्या पाठीवर येतो. तो एक गुण कॅनडाच्या खेळातला आहे : तिथे लाथाडलेला चेंडू गोलरेषेपलीकडे गेला आणि प्रतिस्पर्ध्याला तो बाहेर आणता आला नाही तर एक गुण मिळतो. म्हणून ‘४९–१’ ही छपाईची चूक समजून ‘४९–७’ करू नये. ५०४ आणि ११४ या बेरजा हा सामना धरूनच जुळतात. तो वगळायचा असेल तर ४५५ आणि ११३ लिहा, पण मग सामने १३ आणि विजय ११ करा. वेगवेगळ्या यादींतून निम्मेनिम्मे उचलले की तिसरेच काहीतरी तयार होते.

नोंदीतले ‘१२–१–१’ हे विजय, पराभव, बरोबरी या क्रमाने वाचायचे. हंगाम ‘१९१२’ असाच लिहायचा; क्रिकेटसारखे १९१२-१३ नाही, तो नोव्हेंबरातच संपतो. पदकांचा वाद जानेवारी १९१३ मधला. थॉर्प १९०९ आणि १९१० मध्ये उत्तर कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता हे तेव्हा उघड झाले. त्यामुळे या हंगामातल्या एकाही सामन्यावर त्याचे सावट नव्हते. थॉर्पच्या त्या हंगामातील वैयक्तिक आकड्यांबाबत सावध राहा. २५ टचडाऊन आणि १९८ गुण असे एके ठिकाणी, त्याहून जास्त दुसऱ्या ठिकाणी सापडतात. ‘राष्ट्रीय विजेते’ हा शब्दही टाळा. तेव्हा तशी स्पर्धा नव्हती, वृत्तसंस्थेची क्रमवारी १९३६ मध्ये सुरू झाली, आणि १९१२ मध्येच हार्वर्ड नऊच्या नऊ व पेन स्टेट आठच्या आठ सामने जिंकून बसले होते. चेंडू अंगरख्याखाली लपवण्याची प्रसिद्ध युक्ती १९०३ च्या हार्वर्ड सामन्यातली; तिच्याशी थॉर्पचा संबंध नाही, आणि तो सामना कार्लाइल ११–१२ हरले होते.

चौकटीत टाकायला मजकूर हवा असेल तर असा घ्या :

‘पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील सरकारी निवासी शाळेच्या मूलनिवासी संघाने १९१२ च्या अमेरिकन फुटबॉल हंगामात १४ पैकी १२ सामने जिंकले, १ हरला, १ बरोबरीत सोडवला. टचडाऊनला ६ गुण आणि १० यार्डांसाठी चार डाऊन देणारे नियम याच वर्षी आले. हाफबॅक जिम थॉर्प (सॅक अँड फॉक्स) हा चढाईचा मुख्य खेळाडू, गस वेल्च (ओजिब्वे) क्वार्टरबॅक, ग्लेन वॉर्नर प्रशिक्षक. ९ नोव्हेंबरला त्यांनी वेस्ट पॉइंटला आर्मीवर २७–६ असा विजय मिळवला. एकमेव पराभव पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून, २६–३४.’

जागा कमी पडली तर खालून कापत या. पहिली दोन वाक्ये मात्र राहू द्या.

आपले,
जुन्या गुणफलकांचे काही वाचक